धड थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे

घडीवाले सुतार आहेत. मिटणारं फर्निचर बनवतात. भिंतीतून निघणारा पलंग, कपाटात शिरणारं टेबल. माझ्या खोलीतला पलंग त्यांनीच बसवला, तेव्हापासून आमची मैत्री. ते सत्तेचाळीस वर्षांचे, मी चोवीसचा. मी साहित्यात एम. ए. आहे. हा कसलातरी परवाना असतो, असा त्यांचा समज आहे.

त्यांच्या कारखान्यात, गोंदाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, त्रेसष्ट रोबो आहेत. सगळे त्यांच्या लहानपणच्या काळातले, जुन्या बाजारातून आणि लोकांच्या माळ्यांवरून जमवलेले. कुणाचं विमान होतं, कुणाचा रणगाडा. एकाची तर चक्क कॅसेट होते. मधोमध एक लाल ट्रक, तेवढा त्यांच्या लहानपणापासूनचा. तो उलगडला की डोकं आणि धड होतं. पाय होत नाहीत. पाय म्हणजे पिवळी क्रेन, आणि ती धाकट्या भावाकडे. दोन्ही जोडले की हातभर उंचीचा एकच रोबो उभा राहतो.

वडिलांनी मुद्दामच दोघांना अर्धा अर्धा आणून दिला होता. पोरं भांडणार नाहीत, हा हिशेब. पोरांनी आठवडे वाटून घेतले. जोडलेला रोबो एक आठवडा याच्या उशाशी, एक आठवडा त्याच्या. दोघांची लग्नं झाली, तरी हे चालूच होतं.

वडील गेले. घराची वाटणी तासाभरात झाली, हसतखेळत. मग घडीवाले म्हणाले, "हा आठवडा माझा." धाकटा म्हणाला, "माझा." त्याने क्रेन उपटली, पिशवीत टाकली आणि निघून गेला. त्याला अकरा वर्षं झाली. बोलणं बंद.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी घडीवाल्यांच्या हृदयात बारीक जाळी बसवली. "ती मिटते का?" एवढंच त्यांनी विचारलं. घरी आल्यावर मला बोलावून घेतलं.

"त्याच्याकडे जा. मला तो रोबो एकदा उभा राहिलेला बघायचाय."

"तुम्हीच जा ना, काका."

"मी कसा जाणार? माझ्याकडे धड आहे. पाय त्याच्याकडे. चालत यायचं काम कुणाचं?"

मला हसू आलं. त्यांना नाही.

"हसू नकोस रे," काकू म्हणाल्या. "अकरा वर्षं हेच ऐकतेय. मला कळतच नाही, माझं लग्न माणसाशी झालंय की ट्रकशी."

धाकट्याचं चष्म्याचं दुकान आहे. मी आत गेलो आणि काही बोलायच्या आधीच त्याने मला खुर्चीत बसवून डोळ्यांवर ती जड लोखंडी चौकट चढवली. समोरच्या तक्त्याशेजारी, काचेच्या कपाटात, एक अख्खा रोबो उभा होता. धड, पाय, सगळं.

"हा तर पूर्ण आहे," मी म्हणालो.

"धड विकतचं आहे. दादाचं नाही. खालून तिसरी ओळ वाचा."

मी वाचली. निरोपही सांगितला.

"पाय माझ्याकडे, म्हणून मी यायचं? आणि डोकं त्याच्याकडे आहे, ते त्याने कधी वापरायचं? आता बरं दिसतंय की मघाशी?"

"मघाशी. काकांच्या हृदयात जाळी बसवलीय."

त्याच्या हातातलं भिंग खाली पडलं. बराच वेळ तो ते शोधत राहिला. ते त्याच्या पायाशीच होतं.

"तुमच्या खोलीवर," तो म्हणाला. "त्याच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. रविवारी दहाला. आणि तुमचा नंबर वाढलाय."

रविवारी दोघेही सव्वानऊलाच आले. आधी पोचून दुसऱ्याला वाट बघायला लावायचा बेत दोघांचाही होता. जिन्यातच गाठ पडली. एकमेकांकडे न बघता दोघांनी एकदमच बेल दाबली.

खोलीत एकच टेबल. त्यावर ट्रक आणि क्रेन. मिटलेल्या पलंगाला टेकून मी उभा.

"आधी गुडघे," घडीवाले ट्रककडे बघून म्हणाले.

"आधी कंबर," धाकटा क्रेनला म्हणाला.

"तुला कधीच जमलं नाही."

"त्याचा अंगठा कुणी मोडला होता?"

"टकल्या!"

"स्वतःचं बघ आरशात!"

अकरा वर्षांनंतरचं पहिलं बोलणं. मी शब्द न् शब्द ऐकला. मग खट्ट आवाज झाला. रोबो उभा राहिला.

घडीवाल्यांनी दोनदा नाक पुसलं.

"दुखतं का?" धाकट्याने विचारलं.

"जिना चढताना."

"मग चढलास कशाला? तीन मजले?"

"तू येणार होतास ना."

धाकट्याने रोबो त्यांच्याकडे सरकवला. "घेऊन जा, दादा. तो आठवडा तुझाच होता."

"छे. तुझा होता. मी मोजलंय."

"अरे, मी खोटं बोललो होतो!"

"मग मी काय खरं बोललो होतो?"

आवाज चढले. शेजारच्या बाई दार ठोठावून गेल्या. मी रोबो सोडवायला हात पुढे केला, तर दोघांनी माझ्या हातावर फटका मारला. शेवटी ठरलं की आठवडा कुणाचा याचा निकाल लागेपर्यंत रोबो इथेच राहील. निकाल लावायला दर रविवारी दहाला भेटायचं.

पाच रविवार झाले. आता दोघांच्या बायकाही डबे घेऊन येतात. चौघं पलंगावर बसतात आणि जुनी कॅलेंडरं चाळतात. टेबल रोबोला दिलंय. मी उभ्याने जेवतो.

परवा मी खिशातून नाणं काढलं. म्हटलं, उडवू या, एकदाचा निकाल लागेल.

दोघा भावांनी कॅलेंडरात डोकी खुपसली. काकूंनी माझ्या हातातलं नाणं काढून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.