काठीला लागलेली जाळी

वेल्ह्याकडच्या त्या गावात बहुतेक शेतांचे प्लॉट पडले होते. भाताची चारच खाचरं उरली होती आणि तिथले कोळी मला अभ्यासासाठी बाटल्यांत गोळा करायचे होते. वाट दाखवायला एक म्हातारे शेतकरी आले. मी त्यांना 'किडे बघायचेत' एवढंच सांगितलं होतं.

"पलीकडलं खाचर माजं व्हतं. इकलं, पर सकाळची चक्कर चुकत न्हाई," म्हणत ते काठी हवेत फिरवत बांधावरून पुढे निघाले.

तीन बांध झाले, पाय भरून आले, तरी माझ्या बाटल्या रिकाम्याच. शेवटच्या बांधाशी ते समाधानानं वळले.

"बाई, तुमच्या तोंडाला एकबी जाळं लागू दिलं न्हाई."

मी दगडावर बसले. "मामा, मला जाळ्यातले कोळीच हवे होते."

त्यांनी काठीला चिकटलेले तंतू पाहिले आणि काठी खाली ठेवली. "आदी सांगायचं की. चला माघारी. जाळं मोडलं म्हणून कोळी गाव सोडतोय व्हय? हितंच आसंल."

वाकून ते एकेक पान उलटत गेले. दुपारपर्यंत बाटल्या भरल्या.

मी चिठ्ठ्यांवर 'बांधालगत, पानाखाली' असं लिहीत होते, तेव्हा मामा विकलेल्या खाचराच्या कुंपणाला टेकून बसले होते.