पाठीत लागलेली गोळी

शिवजयंतीला मंगळवार पेठेतल्या एका तालमीत बोलायला गेलतो. माईक हातात घेतोय तोवर एक मिशीवाला ओरडला, "सुभेदार, किती मारलासा?"

म्हटलं, गप बस की लेका! मिशा पिळून मर्द होता आलं असतं, तर भरती सलूनमध्येच झाली असती. शत्रूच्या घरातली बाईसुद्धा शिवाजी महाराजांच्या फौजेला भ्यायची नाही. तसली मर्दानगी मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. ती ऐक.

आमची पलटण काश्मिरात होती. मी तेव्हा हवालदार, दहा जवानांच्या सेक्शनचा कमांडर. नाईक मगदूम माझा टूआयसी, म्हणजे माझ्या खालोखालचा; वारणानगरकडचा, चार म्हशींच्या घरातला गडी. रोजचं काम ठरलेलं. गस्त, तपासणी, चहा, परत गस्त. एका सकाळी एका घराला वेढा घातला. माडीवर दोन अतिरेकी, खाली घरातल्या बायका. वायरलेस सेटवर कंपनी कमांडर म्हणाले, "आधी सिव्हिलियन बाहेर. तोवर नो फायर."

मगदूम सरपटत दारापर्यंत गेला. गडबडीत त्याची हिंदी पळाली. मराठीतच हाक मारली, "आक्का, चला, भिऊ नगा!"

दार उघडलं. एक आई आणि दोन मुली. घाईत डोक्यावर ओढणी राहिली नव्हती. परके गडी बघून तिघी उंबऱ्यावरच थांबल्या. आमच्या गावाकडं बाईचा पदर सरला की पुरुष आपणहून पाठ फिरवतो. मगदूमनं तेच केलं. उभा राहिला, घराकडं पाठ केली आणि हातानं वाट दाखवली. तिघी त्याच्या बाजूनं धावत आमच्या भिंतीआड आल्या. तो शेवटची येईपर्यंत हलला नाही. तेवढ्यात माडीवरून फायर आला. गोळी बुलेटप्रूफ जाकिटाच्या वर, मानेखाली पाठीत लागली.

दोन्ही अतिरेकी मारले. मगदूम जागीच गेला होता. असल्या माणसाबरोबर नोकरी केली, याचा मला आजही माज आहे.

शवपेटी घेऊन मीच त्याच्या गावी गेलो. गर्दीत कुणीतरी कुजबुजलं, "पाठीत लागली म्हणं." माझं टाळकं सणकलं. पण त्याच्या वडिलांनीही ते ऐकलं होतं. ते पुढं आले.

"पावणं, खरं सांगा. माझं पोरगं पळत हुतं व्हय?"

"न्हाय, मामा." घडलं तसं सगळं सांगितलं.

म्हातारा पेटीजवळ सरकला. मग म्हणाला, "त्या पोरी?"

"जगल्या. आईबी."

त्यांनी पेटीवर हात ठेवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "व्हय! पाठीतच लागलीया माझ्या पोराला."