आत्याची एकच नळी

माझी आत्या एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन. डीएनए वाचणारं यंत्र आलं तेव्हा तिच्या नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती. यंत्र झपाट्यानं वाचायचं, पण त्याच्यासाठी डीएनए तयार करण्यात अख्खा दिवस जायचा. या नळीतून त्या नळीत, आणि प्रत्येक पायरीनंतर डीएनए धुऊन घ्यायचा.

तान्ह्या बाळांचे थेंबभर रक्ताचे नमुने त्यात वाया जायचे. सारखे झटके येणाऱ्या दीड महिन्याच्या मुलीचा नमुना दोनदा फसला. पुन्हा रक्त लागेल, हे तिच्या वडिलांना सांगायला आत्यालाच पाठवलं.

"एवढ्याशा जिवातनं अजून किती काढणार?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्या विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "मॅडम, दर धुण्यात थोडा डीएनए जातो. थेंबे थेंबे तळं आटतंय आपलं. मधली दोन धुणी गाळून सगळं एकाच नळीत केलं तर? आधीच्या पायरीचं एन्झाइम धुऊन काढण्याऐवजी गरम करून निकामी करू."

"यंत्राच्या पुस्तिकेत तसं नाहीये."

"पुस्तिका लिहिणाऱ्यांना रक्ताची चणचण नसेल."

मॅडमना हसू आलं. "उरलेल्या नमुन्यांवर करून बघा. पण आकडे घेऊनच या."

तीन आठवडे आत्या जेवणाच्या सुट्टीत जुनी आणि नवी रीत शेजारी शेजारी करत होती. घरी बाबा चिडवायचे, "ताई, बारावीवाल्यांनी शास्त्रज्ञांच्या चुका काढू नयेत."

"चुका नाही, पायऱ्या काढतेय."

पहिले सहा नमुने बिघडले. उष्णता जास्त होऊन डीएनएचे दोन धागे सुटे होत होते. तिनं तापमान उतरवलं. सातव्या नमुन्यात जुन्या रीतीच्या दुप्पट डीएनए हाती लागला, आणि पुढच्या विसांतही. मॅडमनी स्वतःच्या हातानं सगळं पडताळलं, मग जुन्या रीतीला न पुरणाऱ्या, त्या मुलीच्या उरल्यासुरल्या रक्तावर आत्यालाच बसवलं.

यंत्रानं या वेळी नीट वाचलं. दोष सापडला, औषध बदललं, झटके हळूहळू थांबले.

आता ती रीत मॅडमच्या सहीनिशी भिंतीवर लावलेली आहे, वर आत्याचं नाव. दुसऱ्या रुग्णालयांतून माणसं शिकायला येतात. परवा त्यांतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, "बाई, तुमची डॉक्टरेट कशात?"

"बारावी, आणि दोन वर्षांचा कोर्स," आत्या म्हणाली, आणि त्यांच्या हातातली नळी सरळ करून दिली.