इनास अंकल आणि फेझची दारं

इनास अंकलच्या गाडीत बसायचं म्हणजे मिनार दिसेल तिथे थांबायची तयारी ठेवायची. गल्फमधल्या रास अल खैमाच्या आमच्या टाइल्सच्या कारखान्यात ते डिझाइन सेक्शनचे प्रमुख. मूळचे वसईचे, चर्च न चुकवणारे, आणि प्रेम मात्र मोरोक्कोतल्या मशिदींवर. मोरोक्को त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यामुळे बोलायला अडथळा असा काहीच नव्हता.

"इथले मिनार बघ," ते मला सांगत. "सडपातळ. डाएटवर असल्यासारखे. मोरोक्कोतला मिनार चौकोनी. पाय रोवून उभा, माझ्या सासऱ्यांसारखा."

मागच्या सीटवरून मोनिका आंटी म्हणत, "माझ्या पप्पांना मध्ये आणू नका. गाडी काढा, यल्ला."

"खाली टाइल, मध्ये प्लास्टर, वर लाकूड," हे अंकलचं पालुपद. तिकडच्या जुन्या मशिदींच्या भिंतीवरची नक्षी अशी चढत जाते, हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की कँटीनमधला वाढपीसुद्धा बिर्याणी वाढताना म्हणायचा, "खाली चिकन, मध्ये राइस, वर कांदा."

रिटायर होऊन वसईला परतण्याआधी फेझ शहरातल्या करावियीन मशिदीच्या अंगणात एकदा उभं राहायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. शेवटी आमची दोन्ही कुटुंबं निघाली. अंकलनी पांढरा फुल शर्ट कडक इस्त्री करून आणला होता, आम्हा बायकांसाठी स्कार्फ. अबू धाबीच्या मोठ्या मशिदीत ते गावाकडच्या प्रत्येक पाहुण्याला असंच नटवून नेत. तिथे सगळ्यांना आत सोडतात. मग इथेही सोडतीलच. यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं. मलाही.

करावियीनच्या दारातल्या रखवालदाराने अदबीने विचारलं, "मुस्लिम?"

"नो," अंकल आनंदाने म्हणाले, "वसई."

त्याने छातीवर हात ठेवून नकारार्थी मान हलवली. मोरोक्कोत बहुतेक मशिदींमध्ये परधर्मीयांना दारापर्यंतच मुभा. अंकलनी गल्फमध्ये कमावलेलं सगळं अरबी तिथे खर्च केलं, हबीबीपासून इन्शाल्लापर्यंत. तो हसला, पण हलला नाही.

"हो म्हणून टाकायचं होतं," आंटी पुटपुटल्या. "कोण सर्टिफिकेट मागतंय?"

"खोटं बोलून आत गेलो तर मान वर करायची हिंमत होईल का मला? आणि सगळं लाकूड वरच आहे."

मग ते दारापासून मागे फिरले.

पण ही मशीद भर बाजारात, आणि दारं कितीतरी गल्ल्यांत उघडणारी. अंकल पुढच्या गल्लीत वळले, तर दुसरं दार. त्यातून कारंजं दिसलं. त्यापुढच्या दारातून खांबांची रांग. आणखी एकातून हिरव्या कौलांचं छप्पर. प्रत्येक दारात सलाम करायचा, उंबऱ्याबाहेर थांबायचं, मान वाकडी करून दिसेल तेवढं बघायचं. दुपारभर आम्ही मागून चालत होतो.

"अहो, पोस्टमन आहात का?" म्हणत आंटी एका दुकानात पुदिन्याचा चहा घेत बसल्या. अंकलना ऐकूच गेलं नाही. एव्हाना एक फ्रेंच जोडपं त्यांच्या मागे लागलं होतं, आणि ते त्यांना इंग्लिशमधून प्लास्टर समजावत होते.

आता अंकल वसईत स्थायिक आहेत. कुणी विचारतं, "मग आतून कशी आहे हो ती मशीद?"

"आत मी गेलोच नाही," अंकल स्वच्छ सांगतात. मग खुर्ची पुढे ओढतात, आणि मोनिका आंटी विचारणाऱ्याचंही जेवणाचं पान मांडतात.