झाकणावरची बाई

"नाक चोंदलंय, मेलेलं नाही," आक्का म्हणाली. "उगाच चार लोकांत पेले काय मांडताय?"

केंद्रप्रमुखांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दूध केंद्राच्या कट्ट्यावर स्टीलचे दोन पेले होते. एकात आत्ताचं ताजं दूध होतं, दुसऱ्यात काल डेअरीच्या दारातून माघारी आलेल्या टँकरमधलं. अख्खा टँकर आंबला होता आणि त्याच सकाळी त्यातला कॅन न् कॅन आक्कानेच पास केला होता.

"डोळे मिटा आणि सांगा, नासलेलं कुठलं," प्रमुख म्हणाले.

डोळे मिटायचे काय, ते सुजून निम्मे मिटलेलेच होते. आक्काने एक पेला नाकाशी धरला, मग दुसरा. दोन्ही वेळा तिला फक्त स्टीलचा गारवा कळला. रांगेतले दूधवाले माना लांब करून बघत होते.

या केंद्रावर आक्का म्हणजे झाकण. दूध आलं की आधी तिच्यापुढे. झाकण उचललं की कॅनमधून जी पहिली वाफ उठते तीच खरी. ती गेली की दूध मुकं होतं, मग कितीही हुंगा. आक्का झाकण उचलता उचलता नाक आत घालायची आणि म्हणायची, "ओता", नाहीतर "परत". तिसरा शब्द नाही. गोठा धुतला नाही, भांडं नीट घासलं नाही, रात्रीचं दूध सकाळच्यात मिसळलं, सगळं तिला त्या एका वाफेत कळायचं. मोठमोठे गोठेवाले तिच्यापुढे हात बांधून उभे राहायचे. ती नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि तिला ते शोभायचं.

पण थंडी सरली की केंद्रासमोरच्या झाडांना तुरे लागत. वारा सुटला की पिवळी भुकटी उडे आणि टेम्पोच्या काचांवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसे. आक्काचं नाक आधी गळे, मग बंद होई. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला पराग सोसत नाहीत."

"सासर सोसलं मी," आक्का म्हणाली, "आणि फुलं सोसत नाहीत होय?"

त्यांनी गोळ्या दिल्या. गोळीने शिंका थांबल्या, पण उभ्या उभ्या डुलकी लागून तिचं कपाळ कॅनच्या काठावर आपटलं. नाकात मारायचा फवारा दिला, पण तो मोसमाच्या आधीपासून मारायचा असतो. आक्का दवाखान्यात जायची ती नाक पार बसल्यावर, कारण लवकर जायचं म्हणजे आपल्या नाकाचा बोभाटा आपणच करायचा. मग मिठाच्या पाण्याने नाक धू, वाफ घे, तोंडाला ओलं फडकं बांध, कपडे घरात वाळव, खिडक्या लावून उकाड्यात बस. यातलं सगळं करून झालं. शिंका कमी झाल्या, वास काही आला नाही.

तेव्हा तिने सुनेला कॅन धुवायच्या कामावर लावून घेतलं. पोरगा लांब नोकरीला, सून घरीच होती. दूध जसं वाफेतून बोलतं तसं झाकणाच्या आतल्या बाजूलाही थोडा वेळ चिकटून राहतं. आक्का कॅनवर वाकून हुंगल्यासारखं करायची आणि झाकण मागे सुनेकडे द्यायची. सून ते नाकाजवळून नेऊन खाली ठेवायची. उताणं ठेवलं तर ओता, उपडं ठेवलं तर परत. झाकण धुणाऱ्या बाईकडे कोण बघतंय? दोन मोसम असे निघाले आणि कुणाला पत्ता लागला नाही.

हा तिसरा.

काल टँकर माघारी आल्यावर आक्का घरी जाऊन चुलीपाशी बसली. सून भाकरी थापत होती.

"कुणाचे कॅन होते गं?" आक्काने विचारलं.

सून थापतच राहिली. मग म्हणाली, "आमच्या बाबांचे."

"वास आला होता?"

"आला होता."

"आणि तू उताणं ठेवलंस."

"संध्याकाळचं दूध मिसळलं होतं त्यांनी. एवढ्या दुधात जिरून जाईल असं वाटलं." भाकरी तव्यावर पडली. "बाप आहे माझा, आई. सगळ्यांपुढे परत कसा पाठवू?"

"मग मी कोण?"

भाकरी करपली, ती तिने स्वतःच्या ताटात घेतली.

आक्का रात्रभर कूस बदलत राहिली. खरं सांगावं तर सुनेचं काम जाणार, व्याह्याचं दूध बंद होणार आणि दोन मोसम आपण नुसत्या वाकत होतो हे जगाला कळणार. आणि कुणाचंही नाव गेलं तरी उंबरठा दोघींचा एकच होता.

आता कट्ट्यापुढे तिने डावा पेला पुढे सरकवला. "हे नासलंय."

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. रांगेतला म्हातारा दूधवाला खाली बघत म्हणाला, "ते माझं आहे, आक्का. आत्ताच काढलेलं."

"कधीपासून असं आहे?" प्रमुखांनी विचारलं.

मागे नळाखाली सून झाकण धरून उभी होती. पाणी हातावरून वाहून चाललं होतं.

"दोन-चार दिवस," आक्का म्हणाली. "सर्दी आहे, जाईल म्हटलं. माझंच चुकलं."

प्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून वाद घालायलाही जागा राहिली नाही. "आजपासून तुम्ही धुलाईवर बसा," ते म्हणाले. "झाकणाला सुनेला उभी करू. तरुण नाक आहे, आणि तुमच्याच हाताखाली तयार झालंय."

सुनेने हात पदराला पुसले आणि पुढे आली. सासू-सून एकमेकींना घासून गेल्या, एकीनेही दुसरीकडे बघितलं नाही. आक्का नळाशी बसली. ब्रशची मूठ अजून सुनेच्या हाताने ओली होती.

रांग हलली. थोड्या वेळाने व्याह्यांचा टेम्पो आला. त्यांना टँकरचं कळलं होतं की नव्हतं, त्यांच्या तोंडावरून काही समजत नव्हतं. एकदा खपलं की माणूस तेच दुसऱ्यांदा आणतोच. कॅन उतरवता उतरवता त्यांनी नळाकडे पाहिलं. "काय विहीणबाई, आज खाली? बढती झाली वाटतं."

"झाली," आक्का म्हणाली. "पाण्यात."

सुनेने झाकण उचललं आणि वाकली. वाफ केव्हाच गेली असेल, तरी ती वाकूनच होती.

"परत," ती म्हणाली.

"कुणाला म्हणतेस?" बाप म्हणाला.

"दुधाला. तुम्ही सावलीत बसा, बाबा. पाणी देते."

बाप बसला नाही. लोक बघत होते. त्याने कॅन स्वतःच उचलून टेम्पोत आदळला आणि पोरीकडे न बघता निघून गेला. सून तशीच उभी, हातात झाकण. मग तिने ते आक्कापुढे धरलं.

आक्काने ते घेतलं. हा शब्द हिला कालच्या सकाळी सापडला असता, एवढंच तिच्या मनात आलं. पण ते ओठांवर आलं नाही. आली ती शिंक. तिने नाक बाहीला पुसलं, झाकण उलटं करून कडेची साय घासून काढली आणि पुढच्या झाकणासाठी हात पुढे केला.