सापडलेल्यांचं आडनाव

मधुमतीकाकूंना जावई पसंत होता, त्याचं आडनाव पसंत नव्हतं. जावई रशियन, उंच, अबोल, पोळीबरोबर लोणचं मागून घेणारा आणि सासूच्या पाया पडताना हमखास टीपॉयवर डोकं आपटून घेणारा. अशा माणसाविरुद्ध तक्रार करायची तरी काय? पण आडनाव होतं नायद्योनोव, आणि लग्नानंतर काकूंनी ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत ओळख करून देताना "हे आमचे आंद्रेई, शास्त्रज्ञ आहेत" एवढं म्हणून त्या घाईघाईने प्रसादाकडे वळायच्या.

यात दोष आंद्रेईच्या प्रामाणिकपणाचा. सिंगापूरच्या सेंगकांग भागात लेक-जावयाच्या खालच्याच मजल्यावर राहणारी मी, त्यामुळे सासू-जावयातली दुभाषी मीच. काकू साताऱ्याहून पहिल्यांदा लेकीकडे आल्या तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या आडनावाचा पाढा वाचला. आम्ही खासनीस, राजांच्या खासगीतलं लिखाण आमच्याकडे. मग विचारलं, तुमच्या आडनावाचा अर्थ काय? तो म्हणाला, सापडलेल्यांचे. कोणीतरी पूर्वज सापडला होता. कुठे, ते माहीत नाही, कदाचित चर्चच्या पायरीवर. मी जसंच्या तसं भाषांतर केलं. स्वयंपाकघरात आल्यावर काकू मला म्हणाल्या की उकिरड्यावर सापडलेल्याच्या घरात पोरगी गेली. उकिरडा मी भाषांतरात कुठेही घातला नव्हता.

खरं म्हणजे आंद्रेईकडे आणखी अर्थ होते. त्याच्या वडिलांना हा अनाथ पूर्वजच प्यारा होता. त्यांच्या काळात, सोव्हिएत राज्यात, कोणाचा आजोबा जमीनदार किंवा पाद्री निघाला तर नोकरीवर गदा यायची, आणि ज्याच्या आईबापांचाच पत्ता नाही त्याच्यावर कोण बोट ठेवणार? त्याचे काका सांगायचे की उतारवयात, आशा सोडल्यावर झालेल्या मुलाला 'सापडलेला' म्हणत. आजी तिसरंच काही सांगायची. पण काकू ऐकायला थांबल्या नाहीत. आडनावाचं असंच असतं, ज्याला जो अर्थ सोयीचा तो तो उराशी धरून बसतो, आणि काकूंनी तर गैरसोयीचाच धरला होता.

निहारिका, त्यांची एकुलती एक लेक, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करायची. आंद्रेई तिथेच भेटला. दोन वेळा तिचं पोटातलं मूल गेलं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा काकू बाळंतपणाचे डिंक-हळीव बांधून घेऊन फेब्रुवारीतच हजर झाल्या. वर्ष २००३. मार्चमध्ये सार्स आला.

ज्यांनी ते दिवस सिंगापूरला काढले त्यांना वेगळं सांगायला नको. ऑफिसात शिरताना ताप मोजायचा, शाळेत मोजायचा, लिफ्टमध्ये कोणी खोकलं की बाकीचे भिंतीला चिकटायचे. हॉस्पिटलांची दारं भेटीला येणाऱ्यांसाठी बंद झाली. आणि नेमक्या एप्रिलमध्ये, सातवा जेमतेम लागलेला असताना, निहारिकाला कळा सुरू झाल्या.

सिझेरियन झालं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. शस्त्रक्रियेनंतर निहारिकाला ताप चढला, तशी तिला दुसऱ्या मजल्यावर एकटीला हलवलं. एरवी कोणी मनावर घेतलं नसतं, पण त्या महिन्यात ताप हा शब्द उच्चारला तरी दारं बंद व्हायची. आंद्रेईला चार दिवसांपासून खोकला होता. त्याला तर फाटकातच अडवलं. म्हणजे मुलीला आई बघू शकत नव्हती, बाप बघू शकत नव्हता, आजीला तर मुळात परवानगीच नव्हती. आंद्रेईचा खोकला लागू नये म्हणून काकू माझ्याकडे येऊन राहिल्या आणि माझ्या डायनिंग टेबलाशी फोन मांडीवर घेऊन बसल्या. मी ऑफिसातून आले की तिथेच, निघाले की तिथेच. मला त्यांचा राग येई. जेवत नाहीत, बोलत नाहीत, नुसत्या बघतात. मग त्या रागाचीच लाज वाटे.

एका रविवारी दुपारी आंद्रेईचा फोन आला. हॉस्पिटलातून डॉक्टरांनी कळवलं होतं, रक्तात जंतुसंसर्ग आहे, औषध बदललंय, आजचा आणि उद्याचा दिवस कठीण आहे. निहारिकाला अजून सांगितलेलं नाही. हे सांगताना त्याचं इंग्रजी तुटत होतं.

मी आणि काकू वर गेलो. तो दाराच्या लोखंडी जाळीच्या आत, तोंडाला मास्क, आम्ही दोघी बाहेर कॉरिडॉरमध्ये. शेजारणीने आम्हाला बघून खिडकीची काच लावून घेतली. काकूंनी जाळीला हात लावला आणि मला म्हणाल्या, "त्यांना सांग, मुलीला देऊन टाकायचं."

मला वाटलं बाईंचं डोकं फिरलं. मी विचारलं, कोणाला द्यायचं? मग त्या भराभर बोलायला लागल्या. त्यांच्या आजीची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथा मुलगा झाला तेव्हा आजीने त्याला नाळ पडताच शेजारच्या तांबटिणीच्या ओटीत टाकलं आणि ओरडून सांगितलं, हे माझं नव्हे, तुझं. सटवीने ऐकावं म्हणून ओरडायचं. जी मुलं न्यायला येते तिने इथून हात हलवत परत जावं. महिन्याने आजी त्याच तांबटिणीच्या दारात पदर पसरून उभी राहिली, सूपभर कोंडा दिला आणि पोर भीक मागून आणलं. म्हणून त्याचं नाव भिकाजी. तेच काकूंचे वडील. ऐंशी वर्षं जगले.

मी हे आंद्रेईला सांगितलं. सांगताना मी संकोचले होते, कारण मी बँकेत हिशेब तपासणारी बाई, आणि समोर पेशींचा अभ्यास करणारा माणूस. तो हसेल किंवा चिडेल, असं मला वाटलं.

तो जाळीला कपाळ टेकवून उभा राहिला. मग म्हणाला, "नीता, त्यांना सांग, आमचं आडनाव हेच आहे."

त्याच्या आजीचा अर्थ हा होता. व्होल्गाकाठच्या त्यांच्या गावात ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे नव्या बाळाला खिडकीतून बाहेर काढून कुंपणापाशी ठेवत. रस्त्याने जाणारा पहिला माणूस त्याला उचलून दारात येई आणि म्हणे, हे बघा, मला मूल सापडलं. आईने ते परक्याचं म्हणून घ्यायचं, त्याला पाव द्यायचा. मृत्यू बिचारा फसायचा. अशा मुलाचं नाव नायद्योन, सापडलेला. त्याची पोरंबाळं नायद्योनोव. आंद्रेई म्हणाला, आजीचं खरं की वडिलांचं, त्याचा पुरावा काही नाही. आयुष्यभर मी वडिलांचंच सांगत आलो, कारण ते सांगायला सोपं.

मी भाषांतर केलं. काकूंचा चेहरा मी विसरणार नाही. लग्नापूर्वी शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे 'मधुमती भिकाजी' म्हणून मिरवलेली बाई, बापाच्या नावातल्या भिकेचा तिला कधी कमीपणा वाटला नव्हता, आणि जावयाच्या पूर्वजाला मात्र तिने उकिरड्यावर बसवलं होतं. इतकी वर्षं मला ते सुचलं नाही आणि तिलाही नाही. आपलं ते सगळं पुण्याईचं असतं.

काकूंनी डोळे पुसले नाहीत. म्हणाल्या, आता वेळ घालवू नका, फोन लावा. आंद्रेईने मान हलवली. त्याच्या आवाजात दम नव्हता, म्हणून बोलायचं माझ्या गळ्यात आलं. कॉरिडॉरमध्येच माझ्या मोबाइलवरून वॉर्डला फोन लागला. एका तरुण नर्सने उचलला. बाळाचा बाप शेजारी आहे, असं सांगून मी म्हणाले की हे बाळ आमचं नाही, ते तुमचं, तुम्ही ते घ्या. ती घाबरून म्हणाली, प्लीज होल्ड. कोणत्या तोंडाने हे निस्तरायचं?

दुसरा, वयस्क आवाज आला. सिस्टर गोह, वॉर्डच्या मुख्य नर्स. मी पुन्हा सगळं सांगितलं, यावेळी पहिल्यापासून, सातारा आणि व्होल्गा दोन्हींसकट. काकू मध्येच माझा दंड हलवून म्हणाल्या, विचार, तिची स्वतःची मुलं आहेत का आणि जिवंत आहेत का. मी मरणाच्या लाजेने विचारलं.

"थ्री," सिस्टर गोह म्हणाल्या. "ऑल व्हेरी नॉटी." मग खास सिंगापुरी इंग्रजीत, "कॅन, कॅन. आय टेक लाह. नाऊ शी इज माय बेबी."

काकूंनी जाळीकडे तोंड करून, सबंध कॉरिडॉरला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आमचं कोणी नाही तिथे. आमचं कोणी नाही." आत आंद्रेई जमिनीवर बसला होता.

सोमवार गेला. मंगळवारी सकाळी सिस्टर गोह यांनी स्वतःहून फोन केला, माय बेबी नो फीवर. काकूंनी 'बेबी' आणि 'नो' एवढंच ऐकलं आणि मी अर्थ सांगेपर्यंत त्या खुर्चीला धरून उभ्या होत्या.

पण तरुण नर्सने तिच्या कर्तव्याप्रमाणे वरच्यांना कळवलं होतं. त्यांच्याकडून एक बाई निहारिकाला हळुवारपणे विचारायला गेल्या, घरच्यांना मूल स्वीकारायला काही अडचण आहे का? निहारिका तापात, टाके ओले, लेकीचं तोंड न पाहिलेली. संसर्गाचं तिला तेव्हाच कळलं आणि आईने फोनवर काय करवून घेतलं तेही. तिने मला फोन करून थंड आवाजात सांगितलं, "आईला सांग, माझी मुलगी मरत होती तेव्हा तिने तिला नाकारलं. मी घरी येईन तेव्हा आई मला तिथे नको."

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं नाही. काकूंना कळलंच. त्या तिकीट बदलून परत गेल्या नाहीत, आणि वरही गेल्या नाहीत. निहारिका घरी आली, ताप उतरल्यावर रोज हॉस्पिटलात जायला लागली, काचेच्या पेटीत हात घालून मुलीच्या पायाला बोट लावून यायला लागली. काकू माझ्या स्वयंपाकघरात हळिवाचे लाडू करत, आंद्रेई ते येऊन घेऊन जाई. लाडू खाल्ले जात होते. बोलणं बंद होतं. मुलगी वाढत होती, मध्येच श्वास विसरत होती, पुन्हा घेत होती. एखादी नर्स चुकून 'युअर बेबी' म्हणाली की सिस्टर गोह तिला दटावत, माय बेबी. निहारिकाला आधी त्याचा संताप येई. मग एके दिवशी मुलीचा श्वास डोळ्यांदेखत थांबला, सिस्टर गोह यांनी तळव्याला टिचकी मारून तो परत आणला आणि म्हणाल्या, माय गर्ल, डोंट बी नॉटी. आंद्रेई सांगत होता, त्या दिवशी निहारिका बसमध्ये सबंध वाटभर रडली आणि रडता रडता म्हणाली, तिचीच राहू दे अजून थोडे दिवस.

जूनमध्ये मुलीला घरी सोडायचं ठरलं. सार्स ओसरला होता. निहारिकाने मला सांगितलं, आईलाही आण, बस एवढंच. काकू नऊवारी नेसल्या, वर्षानुवर्षं न नेसलेली. हातात पिशवी, तिच्यात सुपरमार्केटमधलं गव्हाच्या कोंड्याचं पाकीट. डाएट करणारे लोक दुधात घालून खातात ते. सबंध सेंगकांग पालथं घालून त्यांनी ते शोधून काढलं होतं.

हॉस्पिटलच्या खालच्या दालनात सिस्टर गोह बाळ घेऊन उतरल्या. बाळाच्या मनगटावरची ओळखपट्टी वरच जुळवून झाली होती. ठेंगणी, चष्मेवाली, जाड बाई. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी पदर पसरला.

"आई, थांब," निहारिका म्हणाली.

इथे, चारचौघांत, हिने आता तोंड सोडलं तर? आंद्रेईने तिचा हात धरला, तो तिने सोडवला. आईसमोर येऊन उभी राहिली. "तू नाही. मागायचं आईने असतं ना? कसं मागायचं, सांग."

काकूंनी नुसती तिच्या ओढणीकडे मान हलवली. निहारिकाने ओढणी दोन्ही हातांनी पसरली आणि सिस्टर गोह यांच्यापुढे वाकली. कोणत्या भाषेत बोलायचं तिलाही कळेना. "द्या," ती मराठीतच म्हणाली. "तुमची मुलगी मला द्या."

सिस्टर गोह यांनी काकूंच्या हातून कोंड्याचं पाकीट घेतलं, काखेत धरलं, आणि मूल ओढणीत ठेवलं. मग चष्मा काढून विचारलं, नाव काय ठेवणार?

आईबाप एकमेकांकडे बघत होते. उत्तर काकूंनी दिलं, शब्द एकेक करून, पाठ केल्यासारखं. "ऋता आंद्रेयेवना नायद्योनोवा." एकटीने कधीतरी बसून त्यांनी ते, मुलीच्या नावांच्या रशियन शेपटांसकट, घोकलं असणार, कारण कुठेही अडखळल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी नातीला पहिल्यांदा पाहिलं. बघत राहिल्या. ओठ थरथरत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तोंडाने म्हणत होत्या, "कसली मेली ही किडकिडीत, चिपाडासारखी. कोण नेणार असल्या पोरीला?"

आंद्रेईने माझ्याकडे पाहिलं. हे भाषांतर करायची गरज पडली नाही. दृष्ट लागू नये म्हणून त्यांच्याकडे करतात तसं तो डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं करून सासूच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि मी टॅक्सी बघायला बाहेर गेले.