चार बोल्टांचा पत्रा

आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या गॅलरीच्या मधोमध एक हिरवा पत्रा होता. खरं तर गॅलरी एकच, दुसऱ्या मजल्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बिल्डरनं मध्ये लोखंडी चौकट ठोकून तिच्यात पत्रा बसवला आणि एकीच्या दोन करून विकल्या. पत्रा चार बोल्टांवर होता. बोल्टांची डोकी काकूंच्या बाजूला, नट आमच्या बाजूला. ही माहिती मी उगाच देत नाहीये. पुढे सगळं तिच्यावरच अडणार आहे.

नव्वदीच्या मधली ती वर्षं. आम्ही कोल्हापुरात फ्लॅट घेतला आणि सासूबाई हातकणंगल्याजवळचं आपलं गाव सोडून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना मी आत्ती म्हणायची. आत्ती कमी बोलायच्या, आणि मी बोलायला लागले की थांबायची नाही, त्यामुळे आमचं बरं चालायचं.

काकूंची ओळख झाली ती पत्र्याआडूनच. तोंड दिसायच्या आधी आवाज आला. "पलीकडं कोण हाय? पावणं, कुठलं गाव तुमचं?"

आत्तींनी गाव सांगितलं. आपल्याकडे गाव विचारलं की पुढचा प्रश्न कुठला, हे कुणाला सांगावं लागत नाही. आत्ती त्या प्रश्नाची वाटच बघत नसत. "आमी बौद्ध हाय," त्यांनी आपणहून सांगून टाकलं.

पलीकडून आधी एक शिंक आली. मग आवाज आला, "व्हय का? मग मिरच्या तुमीच वाळत घातल्यात न्हवं? सकाळधरनं शिंकून शिंकून जीव चाललाय माझा!"

मला काकू तिथल्या तिथे आवडल्या. आत्तींनी मात्र मत राखून ठेवलं.

ते वर्षाच्या चटणीचे दिवस होते. मिरच्या कडकडीत वाळवायच्या, मसाला भाजायचा आणि गिरणीतल्या डंकावर कुटून आणायचा, म्हणजे वर्षभर बघायला नको. पण आमच्या गॅलरीत ऊन अकरापर्यंतच. समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली अकरा वाजता आमच्याकडे येऊन बसायची आणि ऊन पत्र्यापलीकडे काकूंकडे जायचं. काकूंचं नेमकं उलटं. सकाळभर त्यांच्या मिरच्या सावलीत पडून असायच्या.

काकू मुरगूडकडच्या, शेतकऱ्याघरच्या. सरळ हिशेब मांडला त्यांनी. "आक्का, पत्रा काढूया की. सकाळी माझ्या मिरच्या तुमच्याकडं, दुपारी तुमच्या माझ्याकडं. ऊन कुणाच्या बापाचं हाय व्हय?"

"नको बाई," आत्ती म्हणाल्या. "हाय ते बरं हाय."

माझं डोकंच फिरलं. नवी जागा, इतकी मोकळ्या मनाची शेजारीण, आणि ह्या फटकन नाही म्हणतात! स्वयंपाकघरात गेल्यावर मी त्यांना चांगलंच सुनावलं. त्यांनी लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं आणि माझं संपल्यावर त्या बोलल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"आमच्या घरामागं एका शेतकऱ्याचं परडं हुतं. कुंपणातनं वाट हुती. त्या घरची सून माझ्याच वयाची. शेंगा फोडायला, मिरच्या निवडायला तिथनं जाणं-येणं असायचं. तिचं पोरगं माझ्याच मांडीवर निजायचं. मग तिच्या नणंदंचं लगीन निघालं. घरात पावणं येणार म्हणून ती वाट बाभळीच्या फांद्या घालून बुजवली. चार दिसानं फांद्या काढल्या. तिनं हाकबी मारली. पर पुन्हा तिकडं पाय घातला न्हाय मी." त्यांनी लसणाची टरफलं गोळा केली. "पत्रा उघडला, की कवातरी त्यांच्याकडंबी पावणं येणारच की."

मी गप्प बसले. माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

काकू काही ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पत्रा नाही तर नाही, त्यांनी पत्र्यावरून देवाणघेवाण सुरू केली. अकरा वाजले की आत्ती टाचा उंचावून मिरच्यांचं सूप वर धरायच्या आणि काकू पलीकडून घ्यायच्या. दोघींची उंची बेताची, पत्रा डोक्याच्या वर. चौथ्या दिवशी व्हायचं ते झालं. सूप कलंडलं आणि किलोभर लवंगी मिरची कठड्यावरून खाली गेली. खाली सोसायटीचे चेअरमन स्कूटर पुसत होते. त्यांनी वर बघितलं, नेमकं तेव्हाच उरलेली मिरचीही खाली आली.

त्यांच्या शिंका थांबेपर्यंत आम्ही तिघी कठड्याआड बसून तोंडात पदर कोंबून हसत होतो, मधे पत्रा. आत्तींना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "काढा बाई तुमचा पत्रा. माणूस मरायचं एखादं."

काकूंचे यजमान कारखान्यात फिटर. संध्याकाळी ते दोन पाने घेऊन आले. एक आपल्याकडे ठेवला, एक माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. "एकट्यानं फिरवला तर बोल्ट जागंवरच गरागरा फिरतोय," ते म्हणाले. "एकानं तिकडनं धरायचं, दुसऱ्यानं हिकडनं फिरवायचं. तवा सुटतोय." दहा मिनिटांत पत्रा निघून भिंतीला टेकला आणि गॅलरीतून वारा असा खेळायला लागला की आमचा दिनदर्शिकेचा कागद फडफडून फाटला.

आत्तींनी चारही बोल्ट आणि नट मागून घेतले. एका छोट्या पत्र्याच्या डबीत घातले, वर शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले आणि डबी कपाटावर ठेवली. दर रविवारी त्या डबी काढायच्या, नट फिरवून बघायच्या, पुन्हा तेल. मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हटलंही, "आत्ती, फेकून द्या ते." त्या म्हणाल्या, "असू दे."

बाकी सगळं मजेत चाललं होतं. मिरच्या उन्हामागून इकडून तिकडे फिरल्या. मी ऑफिसला गेले की दोघी गॅलरीच्या मधोमध, जिथं पत्रा होता तिथंच, निवडणं-टिपणं घेऊन बसायच्या. काकूंचं 'तुमी' कधी 'तू' झालं ते कळलंही नाही, आणि आत्तींचं 'बाई' कधी 'अगं' झालं तेही. काकूंचे पोहे नेहमी गच्च व्हायचे, त्यावरून आत्ती त्यांना बोलायच्या. आणि तरीही रविवारी डबी निघायची.

पुढच्या वर्षी काकूंच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे ठरले. गावाकडची मोठी, मानाची माणसं. काकू आठवडाभर तेवढंच बोलत होत्या.

त्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन वर आले तर गॅलरीत खडखड ऐकू आली. आत्तींनी एकटीनं पत्रा उचलून चौकटीत उभा केला होता. पलीकडे जाऊन त्यांनी बोल्ट सरकवले होते, अलीकडे येऊन एका बोल्टाला नट लावला होता, आणि आता माझ्या नवऱ्याच्या पान्यानं तो आवळत होत्या. बोल्ट जागच्या जागी फिरत होता. त्या आवळत होत्या, तो फिरत होता. मला पुढे होववेना.

आवाज ऐकून काकू पलीकडे आल्या. "काय चाललंय गं?"

"पावणं येणार न्हवं तुझ्याकडं," आत्ती पत्र्याआडून म्हणाल्या. आवाज अगदी साधा. "लावून टाकू या. तेवढा पलीकडनं पाना धर."

 मग एक बोल्ट आपोआप मागे सरकला, काकूंनी तो ओढून घेतला होता. मग दुसरा, तिसरा. चौथा बोल्ट, ज्याचा नट अजून आत्तींच्या पान्यात होता, तो काकूंनी उलटा फिरवून काढला. पत्रा डुगडुगला आणि काकूंनी तो बाजूला सारला. त्यांचा एक हात कणकेनं भरलेला, दुसऱ्या हातात बोल्ट. त्यांनी बोटं एकमेकांवर चोळून बघितली. तेलकट झाली होती.

"वरीसभर तेलात ठेवल्यास व्हय?" त्या म्हणाल्या. "म्हंजे ह्या दिवसाचीच वाट बघत हुतीस तू."

आत्ती पान्याचं तेल पदराला पुसायला लागल्या.

"मी न्हाय धरणार पाना," काकूंचा आवाज चढला. डोळे भरले होते, पण त्या रडल्या की भांडल्यासारखंच बोलायच्या. "बस एकटीच फिरवत. पावण्यास्नी पोरगी बघायला बोलीवलंय, पत्रा बघायला न्हाय. आन् चल आत, पोहे तू कर. माझं गच्च हुत्यात."

"अगं, त्यास्नी कळलं तर?"

"कळंल कसं न्हाय? मीच सांगणार हाय की!"

आणि खरंच सांगितलं. भरल्या बैठकीत मोठ्या आवाजात, "पोहे आमच्या शेजारच्या आक्कानं केल्यात." कुणीतरी विचारलं, शेजार कुणाचा? काकूंनी तेही सांगितलं. पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांनी पोट बरं नाही म्हणून बशी खाली ठेवली. मुलानं मात्र पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले. मी गॅलरीत आत्तींचा हात धरून उभी होते.

ते स्थळ जुळलं नाही. पत्रिका जमत नाही असा निरोप आला. आत्ती दोन दिवस जेवल्या नाहीत. काकू ताट घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे आपटून म्हणाल्या, "पोह्यावरनं मोडणारं घर माझ्या पोरीला नकोच हुतं. जेव गुमान." मुलीचं लग्न पुढच्या वर्षी झालं, चांगल्या घरी. त्या लग्नात आत्ती करवलीसारख्या मिरवल्या.

पत्रा पुढे भंगारात गेला, बोल्ट मात्र परत डबीत गेले. दोन हजारनंतर काही वर्षांनी आत्तीही गेल्या, थोड्याशा तापाचं निमित्त होऊन. त्यांचं कपाट आवरायला काकू माझ्याबरोबर बसल्या होत्या. वरची डबी हाती आली. झाकण काही केल्या निघेना, तेव्हा काकूंनी घरातून पक्कड आणली.

आत चार बोल्ट आणि चार नट होते. गंजून सगळ्यांचा मिळून एकच गोळा झाला होता. काकूंनी तो हातात घेतला, वळवून बघितला आणि पदरात तोंड लपवून मोठ्यानं रडल्या. मीही रडले. ते पाहुणे येऊन गेल्यावर रविवारी ती डबी निघालेली मी कधी बघितली नव्हती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. घरातली सुईसुद्धा कधी गंजू न देणाऱ्या त्या बाईनं हे चार बोल्ट मात्र गंजू दिले होते.